मोकळ्या सोळा मात्रा

शनिवारची सकाळ होती. मी डेअरीवर दूध घालायला गेलो होतो. कॅन काट्यावर चढवली आणि खिशातला मोबाईल वाजला. बघितलं तर शाळेतले हेडसर. शनिवारी सकाळी शाळेतून मला फोन यायचा तो एकाच कारणासाठी... ढोलकी उतरली. दमट हवेत तिचं चामडं सैल पडतं, आवाज भद्द निघतो, आणि पोरांच्या हातून ती चढत नाही. त्यामुळं मी सरांना तोंडच उघडू दिलं नाही. म्हणालो, "सर, उनात ठेवा धा मिन्टं, आपोआप चढंल. मी दूध घालतोय." आणि फोन बंद केला. डेअरीवाल्यानं फॅट बघून पावती फाडली, तोवर परत वाजला. या वेळी सर घाईघाईनं म्हणाले, "काका, ढोलकीचं नाही. बाई खाली बसल्यात. उठत नाहीत." मी कॅन तिथंच टाकून निघालो. पोचलो तोवर जीप तिला घेऊन संगमनेरला गेली होती, आणि दवाखाना यायच्या आधी रस्त्यातच सगळं संपलं होतं. बायको चालली होती आणि मी म्हणत होतो, उन्हात ठेवा. ह्याला आता दोन महिने झाले. गाव म्हणतं, तुम्हाला काय माहीत काका. खरं आहे. पण तो पहिला फोन मी कापला तो कापलाच.

तिचं नाव शालन. हे मुद्दाम लिहितो, कारण गावात निम्म्या लोकांना ते माहीत नाही. सगळ्यांसाठी ती गाण्याच्या बाई. माझं शिक्षण सातवी, तीही नापास. ती संगीताच्या परीक्षा दिलेली. हे लग्न जमलं कसं, असं लोक अजून विचारतात. तिचे वडील कीर्तनात पेटी वाजवायचे. त्यांनी मला आमच्या भजनी मंडळात ढोलकीवर बघितलं आणि घरी येऊन माझ्या बापाला म्हणाले, पोराचा हात चांगला आहे, शिक्षणाचं पुढं बघू. ते पुढं काही कोणी बघितलं नाही. लग्नानंतर वर्षभरात तिला गावच्याच शाळेत नोकरी लागली, गाव बाई म्हणायला लागलं आणि मीही. आधी टोमणा म्हणून. "बाई, आज च्या मिळंल का तास हाय?" ती पण काही कमी नव्हती. "गृहपाठ झाला असेल तर मिळेल," म्हणायची. नंतर जिभेला सवयच पडली. शालन हे नाव तिचे वडील होते तोवर चाललं. मी त्या नावानं तिला एकदा तरी हाक मारली का, हे आठवून बघतो... नाही मारली.

शाळेच्या मागं प्रयोगशाळेला लागून एक लांबट खोली आहे. एका भिंतीला मोडके बाक रचलेले, दुसऱ्या बाजूला खिडक्या. तिथं पाचवी ते आठवीच्या पोरांचा तिचा वाद्यवृंद बसायचा. नाव मोठं, पण होतं काय तर एक पेटी, ढोलकी, दोन खंजिऱ्या, टाळ, एक ताशा आणि गाणारी वीस-पंचवीस पोरं. पहिली बरीच वर्षं ती चार लोकांसारखीच शिकवायची. मी म्हणते तसं म्हणा, हात वर केला की थांबा. पोरं बरोबर म्हणायची, बक्षिसंही आणायची. घरी आल्यावर मात्र ही पदर खोचता खोचता म्हणायची, "बरोबर म्हणतात हो, पण माझ्या तोंडाकडं बघून म्हणतात. माझं तोंड बंद झालं तर ह्यांचं काय राहणार?" मी म्हणायचो, कशाला बंद हुतंय तुझं तोंड.

झालं मात्र तसंच. तिच्या गळ्यात गाठ आली. साधीच निघाली, पण काढावी लागली, आणि डॉक्टरनं सांगितलं की महिनाभर एक शब्द बोलायचा नाही. दुसरी असती तर रजा टाकून बसली असती. ही गळ्यात पाटी अडकवून शाळेत जायला लागली. पोरं हसली, गाव हसलं, मीही हसलो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी घरी आली ती चप्पल न काढताच पाटी पुढं धरून उभी राहिली. लिहिलं होतं, आज गाणं मधेच अडलं, मला सांगता येईना, पोरांनीच काहीतरी वाजवून जोडून घेतलं. त्यातल्या ‘काहीतरी’खाली दोन रेघा मारलेल्या. मला त्यात विशेष काय ते कळलं नाही. मी म्हणालो, बरं झालं, च्या ठेव. त्या महिन्यात घरात मी एकटाच बोलायचो. गाईचं, पाण्याच्या पाळीचं, भावकीचं, सगळं एकट्यानंच. पण ते घर आजच्यासारखं नव्हतं. गप्प माणसाचाही घरात आवाज असतो. पाटीवर पेन्सिल करकरायची, भाकरी थापलेली कळायची, तिची जोडवी फरशीवर वाजायची. आता मी एकटाच बोलतो आणि एकटाच ऐकतो.

आवाज परत आला तसा तिनं तालमीची रीतच बदलून टाकली. गाण्याची दोन कडवी झाली की सगळ्यांनी थांबायचं. केरवा तालाचं एक आवर्तन आठ मात्रांचं. अशी दोन आवर्तनं, सोळा मात्रा, मोकळ्या सोडायच्या. ज्याचं नाव निघेल त्यानं तेवढ्या वेळात आपल्या मनाचं काय ते वाजवायचं. बाकीच्यांनी मनात मोजायचं आणि सोळा सरल्या की समेवर, म्हणजे पुढच्या पहिल्या मात्रेला, सगळ्यांनी एकदम गाणं उचलायचं. नाव काढायला एक पत्र्याचा बिस्किटांचा डबा, त्यात सगळ्यांच्या चिठ्ठ्या. पोरं त्याला ‘मोकळं’ म्हणायची. खोलीत शिरता शिरताच विचारायची, बाई, आज मोकळं कोणाचं? एक पोरगं दप्तराची चेन वाजवायचं, वर नेताना एक सूर, खाली आणताना दुसरा. एकीनं घरून चाळण आणली आणि तिच्यात बाजरी फिरवली, अशी की डोळे मिटले तर वाटावं पेरणीची पाभर चाललीय. एकानं नुसतं दूध काढायच्या धारांचा आवाज तोंडानं काढला, रिकाम्या बादलीत पडते तशी आधी आणि भरत आलेल्या बादलीत पडते तशी नंतर. मी जन्मभर धारा काढल्या, पण तो आवाज असा बदलतो हे मला त्या पोरानं दाखवलं.

तिचे ह्यात कडक नियम होते. तू काय वाजवणार, असं आधी कोणी विचारायचं नाही. वाजवून झाल्यावर हसायचं नाही, आणि बाईंनीही चांगलं-वाईट म्हणायचं नाही, गाणं पुढं न्यायचं. मी एकदा तिला विचारलं, चांगलं वाजवलं तर शाबास म्हणायला काय जातंय? तर म्हणाली, शाबास म्हटलं की पुढच्या वेळी ते शाबासकीसाठी वाजवतं. आणि एक नियम असा, की चिठ्ठी निघाली आणि ते पोर त्या दिवशी आलेलं नसलं तर त्याच्या सोळा मात्रा दुसऱ्यानं घ्यायच्या नाहीत. रिकाम्या जाऊ द्यायच्या. चिठ्ठी परत घडी घालून डब्यात.

मला तिनं ठेका धरायला शनिवारी बोलवायला सुरुवात केली आणि तिथं माझी पंचाईत झाली. आमचे भजनातले बुवा सांगायचे, ठेका थांबला की भजन मेलं. गाणारा चुकू दे, पेटीवाला शिंकू दे, ढोलकीवाल्यानं थांबायचं नाही. हे माझ्या हाडात बसलेलं. पहिल्याच शनिवारी मोकळं आलं तेव्हा मी एका बोटानं बारीक ठेका धरून ठेवला, पोरांना आपला आधार म्हणून. बाईनं पेटीवरून माझ्याकडं असं बघितलं की मागच्या बाकावरचं पोरगं असतो तर रडलो असतो. घरी येताना म्हणाली, "तुमचे हात मोकळ्यात मांडीखाली दाबून बसत जा." पन्नाशीकडं चाललेला माणूस मी, पोरांसमोर हात मांडीखाली घालून बसायला लागलो. पोरं चोरून बघायची, पण नियमापायी हसायची नाहीत.

आता जे लिहायचं आहे ते लिहितो. अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. तालुक्याला समूहगीताची स्पर्धा होती. साथीला एक मोठा माणूस चालेल असा त्यांचा नियम होता, म्हणून ढोलकीवर मी. त्या वेळचे हेडसर म्हणाले, बाई, ते मोकळं ठेवायचंच असेल तर ताशावाल्या पोराला द्या, हॉल दणाणून जाईल. बाई म्हणाली, डबा सांगेल. निघण्याआधी डबा हलवला आणि नाव निघालं रोहिणीचं. रोहिणी म्हणजे आमच्या गावच्या पिठाच्या गिरणीवाल्याची पोरगी, सातवीतली, किडकिडीत, हळू बोलणारी. गाण्यात मागच्या रांगेत असायची. हेडसरांनी कपाळाला हात लावला. बाईनं डब्याचं झाकण लावलं.

हॉल भरलेला होता. पोरांनी दोन कडवी झकास म्हटली आणि थांबली. मोकळं आलं. रोहिणी रांगेतून एक पाऊल पुढं आली, खाली बसली, हात मांडीवर ठेवले आणि... काहीच नाही. एक, दोन, तीन, चार. समोर दोनेकशे माणसं, परीक्षक पेन धरून. हॉलमध्ये पंख्यांचा आवाज तेवढा. पाचवी मात्रा गेली, सहावी गेली. मला वाटलं, पोरगी घाबरली, सुचेना तिला, आता रडणार आणि शाळेची शोभा होणार. माझे हात मांडीखालून कधी निघाले ते मलाच कळलं नाही. मी जे वाजवलं ते अजून लोक सांगतात. उरलेल्या दहा मात्रा अशा भरल्या की एकच तुकडा तीनदा, तिहाई घेऊन बरोबर समेवर आणून टाकलं, आणि पोरांनी गाणं उचललं तेव्हा हॉलमध्ये टाळ्या पडल्या. दुसरा नंबर आला. हेडसरांनी तिथंच मला मिठी मारली, म्हणाले, काका, तुम्ही सावरलं. पुढच्या आठवड्यात शाळेनं शाल आणि नारळ दिला. परत येताना टेम्पोत पोरं ओरडत होती, गात होती. रोहिणी मागं फाळक्याला टेकून बाहेर बघत बसली होती. आणि बाई ड्रायव्हरशेजारी, एकदाही मागं वळली नाही.

चार दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. पाचव्या दिवशी जेवायला वाढता वाढता म्हणाली, "तुम्ही त्या पोरीचं घेतलंत."

मी म्हणालो, "काय घेतलं? तिला काय सुचंना, मी सावरलं. हात मांडीवर हुते तिचे."

"कुठं होते ते मला माहीत आहे. तिचं चाललं होतं."

"काय चाललं हुतं?"

तिनं ताटात भाकरी वाढली. एवढंच म्हणाली, "गिरणीवर जा आणि तिला सांगा, चुकलं म्हणून."

"सातवीतल्या पोरीला?"

"हो. सातवीतल्या पोरीला."

मी ताटावरून उठलो. गेलो नाही. रोहिणीनं वाद्यवृंद सोडला. बाईनं तिला बोलावणं धाडलं नाही, ओढून आणणं तिच्या रीतीत नव्हतं. पोरगी दहावी झाली, मग कॉलेजला संगमनेरला गेली, मग लग्न होऊन राहात्याला. आणि ही अकरा वर्षं आमची बाई मधून मधून, लाईटबिल भरलं का विचारावं तसं विचारायची, "रोहिणीकडं जाऊन आलात का?" भांडून नाही, आवाज न चढवता. दिवाळीत ती माहेरी आली की विचारायची, गिरणीवरून दळण आणलं की विचारायची. मी म्हणायचो, जाईन की. कधी कधी चिडायचो, एवढ्याशा गोष्टीचं काय धरून बसलीस म्हणायचो. ती शाल मी दोन हिवाळे पांघरली. ह्या घरातलं एकूणएक कापड तिनं धुतलं असेल, पण त्या शालीला तिनं कधी हात लावला नाही. मरायच्या आदल्या आठवड्यात मी दळण घेऊन आलो. पीठ डब्यात ओतता ओतता तिनं परत विचारलं. मी उत्तरही दिलं नाही, हातपाय धुवायला गेलो. तिचं ते शेवटचं विचारणं.

तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेलं होतं. मुलगा चाकणला कंपनीत आहे, तो म्हणाला, चला माझ्याकडं. मी म्हणालो, गाईंचं कोण बघणार. सगळे गेले. गेले त्या संध्याकाळी मी चहा केला आणि दोन कप भरले. हे बायको गेलेल्या सगळ्याच माणसांचं होत असेल, त्यात माझं विशेष काही नाही. पण मला घर गप्प राहिलेलं चालेना. टीव्ही लावला तो लावूनच ठेवला. गोठ्यात रेडिओ टांगला. भाकरी करताना पातेल्यावर ठेका धरायचा, चालताना काठी वाजवायची. कुठंतरी जरा गप्प झालं की माझा हात जायचाच तिथं, भरून काढायला. शाळेनं तिच्या वस्तू पिशवीत घालून धाडल्या होत्या. चष्मा, चपला आणि तो डबा. पिशवी तिच्या घरातल्या पेटीच्या बाजूला भिंतीशी ठेवली ती तशीच, गाठही सोडली नाही.

तेराव्यानंतर तिसऱ्या दिवशी दुपारी रोहिणी आली. मी ओळखलं नाही. अंगानं भरली होती, हातात झेंडूचा हार. शिर्डीत हार-फुलांच्या दुकानात काम करते म्हणाली, सुट्टी आजच मिळाली. हार फोटोला घातला आणि जमिनीवर बसली. टीव्ही चालू होता. ती म्हणाली, "काका, तो बंद करू का?" आणि मी हो म्हणायच्या आधीच तिनं बंद केला. मग इकडंतिकडं बघून विचारलं, बाईंचा डबा कुठं आहे. मी पिशवी दाखवली. गाठ तिनंच सोडली.

चिठ्ठ्या फरशीवर ओतल्या तर ढीग झाला. एवढी पोरं शाळेत नाहीत. बघतो तर शाळा सोडून गेलेल्या पोरांच्या चिठ्ठ्या बाईनं काढल्याच नव्हत्या. पिवळ्या पडलेल्या, घडीवर फाटत आलेल्या, काहींवर उलट्या बाजूनं नवीन कागद डकवलेला. म्हणजे शनिवारी मोकळं रिकामंच जायचं कधीकधी, त्यातली कितीतरी अशा गेलेल्या पोरांची असणार. मी समोर बसायचो, हात मांडीखाली घालून, आणि मला वाटायचं कोणी आजारी असेल. रोहिणीनं शोधून शोधून आपली चिठ्ठी काढली. शाई उडालेली, पण नाव वाचता येत होतं. ती चिठ्ठी तिनं मांडीवर ठेवून बोटानं सपाट केली.

तेव्हा मला बोलावंच लागलं. मला गोड बोलता येत नाही. म्हणालो, "पोरी, तालुक्याला मी मधीच वाजवलं. तू घाबरलीस आसं वाटलं मला. चुकलं माझं. बाई मला अकरा वर्षं सांगत हुती, जाऊन सांगा म्हणून. मी आलो न्हाई."

ती म्हणाली, "काका, मी घाबरले नव्हते."

"मग?"

"मला काहीच वाजवायचं नव्हतं."

मग ती खाली बघून सांगायला लागली, थांबत थांबत. त्यांचं घर गिरणीच्या मागंच. सकाळी उठल्यापासून पट्टा फिरतोय, घरात सगळे ओरडूनच बोलणारे. हिचा आवाज बारीक. काही सांगायला गेली की माणसं काय, काय करायची आणि दुसऱ्यांदा सांगेपर्यंत कामाला निघून जायची. तालमीत पहिल्यांदा तिचं नाव निघालं तेव्हा तिला खरंच सुचलं नव्हतं, ती नुसती बसून राहिली. पंचवीस पोरं गप्प. बाई गप्प. मी पण गप्प होतो म्हणे, हात मांडीखाली. कोणी हसलं नाही, सोळा झाल्या आणि बाईंनी गाणं पुढं नेलं. "मला असं गार वाटलं काका," ती म्हणाली. "मग मी ठरवलं, आपलं मोकळं हेच. तालुक्याला नाव निघालं तेव्हा तर... एवढा मोठा हॉल. सगळे माझ्यासाठी गप्प बसणार."

मी विचारलं, "बाईला म्हाईत हुतं?"

"सांगितलं नव्हतं. पण त्यांना माहीत होतं."

घरात गिरणी नव्हती, टीव्ही बंद होता. बाहेर गाय कान फडफडवत होती. मी काही भरायला गेलो नाही. रोहिणीनं चिठ्ठी परत घडी घालून डब्यात टाकली, बाकीच्या हातानं गोळा केल्या, आणि म्हणाली, हा शाळेत द्या काका, पोरं वाट बघत असतील. चहा घेतला नाही. शिर्डीची गाडी चुकेल म्हणाली. जाताना मी म्हणालो, बाईला माहीत होतं, तर तेव्हाच मला का सांगून मोकळी झाली नाही? ती जराशी हसली. "त्या कुणाचं सांगायच्या का?"

ती गेल्यावर मी वहीचा कागद फाडला, पट्टी लावून बाकीच्यांएवढी चिठ्ठी कापली आणि तिच्यावर नाव लिहिलं. शालन. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. दोन कागद वाया गेले. नाव तोंडानं कधी घेतलं नाही ते आधी कागदावर आलं. घडी घातली आणि डब्यात मधोमध दाबली.

पुढच्या शनिवारी डबा घेऊन शाळेत गेलो. नवीन शिक्षक अजून मिळालेले नाहीत. आठवीतली एक मुलगी पेटीवर बसते, तिला जेमतेम येतं. हेडसर म्हणाले, काका, तुम्ही नुसते बसलात तरी पोरं जमतात. बसलो. पोरांनी आल्या आल्या विचारलं, मोकळं कोणाचं? पहिल्या शनिवारी एका पोरानं पाण्याच्या बाटलीचं झाकण वाजवलं. दुसऱ्या शनिवारी एका मुलीनं फक्त चपला. मी चांगलं-वाईट काही म्हटलं नाही, गाणं पुढं नेलं. तिसऱ्या शनिवारी नाव निघालं ते कोणालाच माहीत नव्हतं, मागच्या कुठल्या वर्षाचं पोर. मी सांगितलं, मोजा मनात. मोजलं.

गेल्या शनिवारी पेटीवरच्या मुलीनं डबा हलवला, चिठ्ठी काढली आणि वाचताना अडखळली. माझं अक्षर. मग म्हणाली, "शालन. काका, शालन कोण? कोणत्या वर्गातली?"

सगळी पोरं माझ्याकडं बघायला लागली. तीन-चार वर्षं तिच्यापुढं बसलेली पोरं होती त्यात, कोणाच्या ध्यानात येईना. मी म्हणालो, "हाय एक. आज आल्याली न्हाई."

एवढ्यानं भागलं. पोरांनी दोन कडवी म्हटली, मी ठेका धरला आणि सगळे थांबले. मी हात मांडीखाली दाबले. खिडकीतून मैदानावरचा आवाज येत होता, मग तोही थांबला. एक, दोन, तीन, चार. तिची पाटी करकरली असं वाटलं. पाच, सहा... मग आकडे कुठं गेले मला कळलं नाही. लहानपणापासून ढोलकीवर बसतोय. दारूच्या नशेत वाजवलंय, तापात वाजवलंय, बाप गेला त्या आठवड्यात वाजवलंय, पण सम कधी हातची गेली नव्हती. पोरांनी मोजलं. सोळा झाल्या आणि ती पंचवीस पोरं एकदम, बरोबर समेवर गाणं उचलून गेली. माझे हात अजून मांडीखालीच होते.

पेटीवरच्या मुलीनं गाता गाताच चिठ्ठीची घडी घातली, डब्यात टाकली, आणि झाकण लावलं.